आठ गुणिले दहा

(स्नेहमेळाव्यातलं भाषण. छापण्यासाठी थोडं नीट केलं आहे, पण बोलले तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांचा फोन आला, "प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं." डॉक्टर, वकील आणि टॉवेलवाले यांचं बरं आहे, त्यांचं काम सगळ्यांना कळतं. मला मागच्या मेळाव्यात चौघांनी विचारलं होतं, "तू आयटीत म्हणजे नक्की काय करतेस गं?" चौघांनाही मी "सॉफ्टवेअर" एवढं सांगून जेवणाच्या रांगेत सटकले. आई शेजारणींना सांगते, "ती कॉम्प्युटर दुरुस्त करते." खरं तर आईचं उत्तर माझ्यापेक्षा बरोबर आहे. म्हणून आज दुरुस्तीचीच एक गोष्ट सांगते. त्यातली मोडतोडही माझीच होती.

सुरुवात आपल्या कॉम्प्युटरच्या खोलीपासून करते. आठवते ना? बाहेर चपला काढायच्या, आत तीन मशिन, एका मशिनला तीन मुलं, आणि धूळ बसू नये म्हणून शिवून घेतलेली निळी कव्हरं. आपण नववीत होतो. काळ्या पडद्यावर जीडब्ल्यू-बेसिक सुरू झालं की वरच लिहून यायचं, साठ हजारांच्या आसपास बाइट मोकळे आहेत. आपल्याला तो आकडा केवढा मोठा वाटायचा! एकदा मी 'गोसब' वापरून एक छोटा प्रोग्राम लिहिला. गोसब म्हणजे 'तिकडे जा, काम करून परत ये'. मी 'परत ये' लिहायला विसरले. मशिन बिचारं दर वेळी 'कुठे परत यायचं' ते लक्षात ठेवत पुढे जात राहिलं आणि शेवटी थांबलं. पडद्यावर आलं: आउट ऑफ मेमरी. मला वाटलं, मशिन जळलं. बाई धावत आल्या तेव्हा कीबोर्डवर माझ्या मैत्रिणीचा हात होता. तास संपेपर्यंत ती बाहेर उभी राहिली आणि मी गप्प बसले. ती आज तिसऱ्या रांगेत बसलीय. हसतेय, म्हणजे आठवतंय तिला.

आउट ऑफ मेमरी हे तीन शब्द मला पुढे आयुष्यभर पुरले. आपण दहावीत गेलो त्या १९९५ साली सन नावाच्या अमेरिकन कंपनीनं जावा ही भाषा जगापुढे आणली. आपल्याला तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता. पुढे वालचंदला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं. सोलापूर विद्यापीठ तेव्हा व्हायचं होतं, माझ्या पदवीवर शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. २००२ साली पुण्याला गेले आणि तेव्हापासून पोट भरतेय ते जावावरच.

आता 'बिल्ड' म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. टॉवेल घ्या. सूत आणायचं, रंगवायचं, कांड्या भरायच्या, बीम तयार करायचा, मग माग, मग कटिंग-शिलाई, मग तपासणी, मग पॅकिंग. यातलं काही वगळून चालत नाही आणि क्रमही बदलता येत नाही. सॉफ्टवेअरचं तसंच आहे. दीडशे-दोनशे माणसं रोज प्रोग्रामच्या फायली लिहितात, ते आमचं सूत. त्या सगळ्या गोळा करायच्या, यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवायच्या, एकमेकींना जोडायच्या, हजारो चाचण्या चालवायच्या आणि शेवटी गिऱ्हाइकाला देता येईल असं एक गाठोडं बांधायचं. या सगळ्याला बिल्ड म्हणतात. आमचं गिऱ्हाईक विमा कंपन्या. त्यांच्या पॉलिसी, हप्ते आणि दावे सांभाळणारा तो अवाढव्य प्रोग्राम. त्याचं एक बिल्ड पूर्ण व्हायला पाऊण-एक तास लागायचा. हे काम माणसं हातानं करत नाहीत. एक मोठा सर्व्हर बाजूला ठेवलेला असतो आणि जेन्किन्स नावाचा मुकादम त्याच्यावर एकामागून एक बिल्डं लावत राहतो. आमच्या मुकादमाला एका वेळी आठ बिल्डं चालवायची परवानगी होती. आठ माग समजा. आणि त्या सर्व्हरची मेमरी होती ६४ जीबी.

मेमरी म्हणजे साठवणूक नाही हं, इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. फोटो ठेवतो ती डिस्क, ते स्वयंपाकघरातलं फडताळ. मेमरी म्हणजे ओटा. काम चालू असेपर्यंत लागणारं सगळं ओट्यावर असावं लागतं. फडताळ कितीही मोठं असलं तरी ओटा भरला की पोळी लाटायला जागा उरत नाही.

जावात प्रत्येक प्रोग्रामला सांगून ठेवता येतं, की तुला ओट्याचा एवढाच भाग मिळेल, त्यापुढे हात पसरायचा नाही. या मर्यादेला आम्ही एक्सएमएक्स म्हणतो. त्या भागातली खरकटी भांडी, म्हणजे वापरून झालेल्या वस्तू, जावा स्वतःच अधूनमधून उचलते. या आवरण्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. जॉन मॅकार्थी नावाच्या गृहस्थांनी ही कल्पना लिस्प या भाषेसाठी १९६० च्या सुमाराला मांडली, म्हणजे ती आपल्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठी आहे. आवरूनही जागा झाली नाही, की जावा ओरडते: आउट ऑफ मेमरी, हीप स्पेस.

आमच्या प्रत्येक बिल्डमध्ये दोन प्रोग्राम चालायचे. एक बांधणी करणारा, त्याला २ जीबीची मर्यादा. दुसरा चाचण्या चालवणारा, त्याला ४. ही गोष्ट आहे २०१७ ची. एका सोमवारी चाचण्यांचा प्रोग्राम ओरडला, हीप स्पेस संपली. मी त्या टीमची लीड. आमच्या धंद्यात असं झालं की जे शंभरातले नव्वद जण करतील तेच मी केलं. ४ खोडून ८ लिहिलं. बिल्ड पास झालं. कोणीतरी चॅटवर अंगठा दाखवला. मीही खूश. पाच मिनिटांचं काम, विसरूनसुद्धा गेले.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगते. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर असलं तरी रीत लिहिली नसेल तर तुम्ही भोपळा द्यायचात. त्या दिवशी माझं उत्तर बरोबर होतं.

तीन आठवड्यांनी रिलीजचा आठवडा आला. रिलीज म्हणजे गिऱ्हाइकाला नवा माल पाठवायचा दिवस. बुधवारपासून रात्री बिल्डं पडायला लागली. दिवसा सगळं छान, रात्री नऊ-दहानंतर पटापट पडायची. गंमत म्हणजे यावेळी जावा ओरडतच नव्हती. बिल्डची नोंद चालू असायची, चालू असायची आणि मधल्याच एका वाक्यावर तुटायची. खाली फक्त एक आकडा: १३७. सकाळी तेच बिल्ड पुन्हा लावलं की हिरवं. आमच्या ऑफिसात एक फार वाईट सवय होती, बहुतेक ऑफिसांत असते, "परत चालव, होईल." लोक परत चालवत होते आणि होतही होतं.

आमच्या टीममध्ये एक नवी मुलगी होती. बार्शीची. कॉलेजातून बाहेर पडून वर्षही झालं नव्हतं. मी सोलापूरची आहे हे कळल्यापासून ती मला मॅडम न म्हणता ताई म्हणायची, आणि डब्यात शेंगाचटणी असली की माझ्या टेबलावर पुडी यायची. त्याच सोमवारी तिनं तीनेकशे नव्या चाचण्या टाकल्या होत्या. चांगल्या होत्या, मीच तपासल्या होत्या. बुधवारी पडलेल्या पहिल्या दोन बिल्डांत तिच्या चाचण्या चालू होत्या. झालं. गुरुवारी संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "काय बदललं?" मी म्हणाले, "तिच्या टेस्ट आल्यापासून होतंय. मेमरी खात असणार." असणार! बघितलं काहीच नव्हतं. मीटिंग संपल्यावर ती माझ्यामागे आली. "ताई, माझ्यामुळेच होतंय का? दुसरं काही बदललं नाही ना?" मी म्हणाले, "दुसरं काहीच बदललं नाही." हे मी खोटं बोलले नाही. मला खरंच तसं वाटत होतं. तिला रिलीजच्या कामातून काढून कागदपत्रांच्या कामावर बसवलं गेलं.

रात्री मी थांबले. आता ऐका, काय करायला थांबले ते. तिच्या चाचण्या दोषी आहेत हे सिद्ध करायला. म्हणजे सकाळच्या कॉलवर अमेरिकेतल्या लोकांना ठोस काहीतरी दाखवता येईल. तिच्या तीनशे चाचण्या बाजूला काढल्या आणि आठही जागांवर बिल्डं लावली. साधारण पंचवीस मिनिटांनी एक पडलं. १३७. मी बघत बसले. कारण ते आमचं बिल्डच नव्हतं. ते दुसऱ्या टीमचं होतं, त्यांचा आणि त्या मुलीचा काही संबंध नव्हता.

तेव्हा कुठे मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. हा १३७ येतो कुठून? तो जावाचा आकडा नाही. लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रामला बाहेरून कोणी संपवलं तर १२८ मध्ये त्या हुकुमाचा क्रमांक मिळवून शेवटचा आकडा येतो. ९ नंबरचा हुकूम म्हणजे 'किल': विनवणी नाही, आवरायला वेळ नाही, जागच्या जागी खलास. १२८ अधिक ९. म्हणजे प्रोग्राम स्वतः मेला नव्हता, त्याला मारलं होतं. म्हणून तर तो ओरडला नाही, ओरडायला वेळच मिळाला नाही.

मारणारा कोण, हे सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीत लिहिलेलं असतं. बिल्डच्या नोंदीत नाही, कर्नलच्या. दोन शब्दांची आज्ञा लागते ती बघायला. दोन रात्री आम्ही सगळे चुकीची वही वाचत होतो. कर्नलच्या वहीत स्पष्ट होतं: आउट ऑफ मेमरी, अमुक प्रोसेस मारली, नाव जावा. दोन रात्रींत अकरा वेळा. अकरापैकी आमच्या टीमची चार.

लिनक्सचा हा हिशेब मला नेहमी आपल्या पाण्यासारखा वाटतो. सोलापुरात नळ कधी तीन दिवसांनी, कधी चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. महापालिका कनेक्शन मात्र सगळ्यांना देते. सगळ्यांनी एकाच वेळी तोटी पूर्ण सोडली तर पुरणार नाही हे तिलाही ठाऊक असतं, पण सगळे एकाच वेळी सोडणार नाहीत या भरवशावर कारभार चालतो. लिनक्सही तसंच करतं. प्रोग्रामनं ८ जीबी मागितले की "घे" म्हणतं. प्रत्यक्षात देतं ते जेवढं वापरशील तेवढंच, वापरशील तेव्हाच. हातात आहे त्याहून जास्त कबूल करून बसतं. बहुतेक दिवशी निभावतं. आणि ज्या दिवशी सगळे एकदम तोटी सोडतात त्या दिवशी कर्नलमधला एक अंमलदार उठतो. त्याचं नावच ओओएम किलर. तो सगळ्या प्रोग्रामवर नजर टाकतो आणि मुख्यतः एकच बघतो, या क्षणी सर्वांत जास्त मेमरी कोणाकडे आहे. त्याला मारतो. टंचाई कोणामुळे झाली हे तो बघत नाही. त्याला ते कळणारही नाही. सर्व्हर वाचवायचा, एवढंच त्याचं काम.

मग मी कागद घेतला. रात्रीचे दोन वाजले होते आणि मी चौथीतल्या मुलीसारखा गुणाकार करत होते. एका बिल्डला २ अधिक ८, म्हणजे १०. आठ बिल्डं. आठ दाहे ऐंशी. सर्व्हरची मेमरी ६४. आणि आधी? २ अधिक ४, सहा. आठ सक अठ्ठेचाळीस. म्हणजे १६ जीबी शिल्लक. ती शिल्लकही लागतेच, कारण एक्सएमएक्स ही सगळ्या जावाची मर्यादा नव्हे, फक्त हीपची. त्याबाहेर प्रत्येक प्रोग्रामला वेगळी जागा लागते, शिवाय सर्व्हरला स्वतःची. ज्या माणसानं आधी ४ हा आकडा ठेवला होता त्यानं हा गुणाकार केला होता. तो कोण, मला माहीत नाही. नोकरी सोडून कधीच गेला असेल. त्यानं आठ बिल्डांचा विचार करून ४ ठेवला आणि मी एका बिल्डचा विचार करून ८.

दिवसा का चालायचं तेही उलगडलं. दिवसा फार तर चार बिल्डं एकत्र असायची, चार दाहे चाळीस. रिलीजच्या आठवड्यात संध्याकाळी सगळ्या टीम एकदम माल लावायच्या आणि आठही माग सुरू व्हायचे. मधले तीन आठवडे आठही जागा एकदाही भरल्या नव्हत्या, म्हणून माझी चूक तीन आठवडे झोपून राहिली. उठली तेव्हा जवळ उभी सापडली ती नवी मुलगी.

आणखी एक गोष्ट, जी मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही नीट लक्षात आली नव्हती. मर्यादा वाढवली की वापरही वाढतो. ओटा मोठा असला की जावा भांडी आवरायची घाई करत नाही, पसारा वाढू देते. ज्या बिल्डांना ४ मध्ये भागत होतं तीही ६-७ वर जाऊन बसली. गच्चीवर मोठी टाकी बसवल्यावर घरात काय होतं ते माझ्या आईला विचारा.

मग सेटिंगच्या त्या ओळीचा इतिहास उघडला. आमच्याकडे प्रत्येक ओळ कोणी, कधी बदलली याची नोंद असते. ४ चा ८. तारीख. आणि नावाच्या रकान्यात माझं नाव.

त्या रात्रीपुरता उपाय अगदी सोपा होता. मुकादमाला सांगितलं, आठ नको, पाचच लाव. पाच दाहे पन्नास. रांग लांबली, लोक कुरकुरले, पण एकही बिल्ड पडलं नाही आणि माल शुक्रवारी दुपारऐवजी संध्याकाळी गेला. सकाळच्या कॉलवर मी सांगितलं की कारण माझा बदल आहे, त्या मुलीच्या चाचण्यांचा संबंध नाही. कोणी काही बोललं नाही. "ओके, गुड कॅच," म्हणाले. आपलीच चूक पकडल्याबद्दल शाबासकी! तिच्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही.

मूळ प्रश्न अजून बाकीच होता. ४ जीबी संपलीच का? त्याचा शोध पुढे दोन आठवडे चालला. जावाला सांगून ठेवता येतं, की मेमरी संपेल त्या क्षणी ओट्यावर काय काय होतं त्याचा जसाच्या तसा फोटो काढून ठेव. त्याला हीप डम्प म्हणतात. मर्यादा पुन्हा ४ वर आणली आणि मुद्दाम पडू दिलं. ती फाइल उघडायला माझ्याच लॅपटॉपची मेमरी पुरेना! आयटी विभागाकडून मोठं मशिन मागून घेतलं तेव्हा कुठे ती उघडली. आणि आत काय? आमचा सबंध प्रोग्राम चाळीसेक वेळा. एकाच ओट्यावर तोच प्रोग्राम चाळीस वेळा मांडलेला.

झालं होतं असं. आम्ही स्प्रिंग नावाचं एक तयार चौकट वापरतो. चाचणी सुरू होताना ते आपला सगळा प्रोग्राम उभा करतं आणि पुढच्या चाचणीला उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवतं. पुढच्या चाचणीला नेमकी तीच मांडणी हवी असेल तर आयती मिळते. पण मांडणीत जरा जरी फरक असला तरी नवीन उभारणी, आणि जुनीही तशीच ठेवलेली. लग्नाच्या कार्यालयात प्रत्येक पंगतीला नवा आचारी यावा, त्यानं नवी चूल मांडावी आणि आधीच्या चुली कोणी विझवूच नयेत, असा प्रकार. स्प्रिंगच्या ४.३ या आवृत्तीपासून अशा जपून ठेवण्यावर ३२ ची मर्यादा आली. आम्ही त्याआधीच्या आवृत्तीवर होतो, आम्हाला मर्यादाच नव्हती. वेगवेगळ्या टीमनी वर्षानुवर्षं एकमेकींच्या चाचण्या कॉपी करताना मांडणीत किरकोळ फरक केले होते. एकीनं एक ओळ वर, दुसरीनं एक सेटिंग वेगळं. कारण काहीच नाही. आम्ही बसून त्या चाळीसच्या पाच मांडण्या केल्या. चाचण्या ३ जीबीत बसायला लागल्या आणि पाऊण तासाचं बिल्ड अर्ध्या तासाच्या आत आलं. मशिन नवं घ्यावं लागलं नाही. आठही माग पुन्हा सुरू.

त्या साफसफाईचं निम्म्याहून जास्त काम त्या बार्शीच्या मुलीनं केलं. मीच तिला मागून घेतलं होतं. काम चोख केलं तिनं. पण ती आता मला मॅडम म्हणायला लागली होती. मी तिची माफी मागितली, वेगळं बसवून, चहा मागवून. ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम. मी तुम्हाला विचारलं होतं." एवढंच. आणि त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं. पूर्वी दिवसातून दहा वेळा यायची: हे असं का, ते तसं का. आता सांगितलेलं काम करायची आणि घरी जायची.

त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी आजवर फारशी कोणाला सांगितली नाही. त्या आठवड्यात वार्षिक मूल्यमापनाचे फॉर्म चालू होते. गुरुवारच्या मीटिंगनंतर मॅनेजरनं तिच्या फॉर्मवर एक ओळ लिहिली: कामाच्या गुणवत्तेकडे अधिक लक्ष द्यावं. शुक्रवारी फॉर्म बंद झाले. मी सोमवारी गेले, ती ओळ काढा म्हणून. उत्तर मिळालं, आता सिस्टिममध्ये बदल होत नाही, पुढच्या वर्षी भरपाई करू. मी लेखी मेल पाठवली, दोनदा. ओळ राहिली. सर्व्हरमधली मेमरी मोकळी करता येते हो, प्रोग्राम बंद केला की सगळी परत. माणसांच्या नोंदीत तशी सोय नसते. दीड वर्षानं तिनं नोकरी सोडली. चांगल्या पगारावर गेली, ते या गोष्टीमुळे असं मी म्हणत नाही. पण मला माहीत नाही.

तेव्हापासून मी माझ्या टीमला एक सवय लावली. बिल्ड पडलं की आधी एकच विचारायचं: ते ओरडून पडलं की गप्प पडलं? ओरडून पडलं तर त्याचा स्वतःचा ओटा भरला, आत बघा. गप्प पडलं आणि १३७ दिसला, तर बाहेरून कोणीतरी मारलं. तिथे पडलेल्याला धरून काही उपयोग नाही, त्या वेळी शेजारी कोण कोण चालू होतं ते मोजा. आणि मर्यादेचा आकडा बदलायचा असेल तर सेटिंगच्या ओळीवर गुणाकार लिहायचा, पूर्ण रीत. ८ × (२ + ३) = ४०, मशिन ६४. सर, आमच्या कंपनीच्या सर्व्हरवर आज तुमची रीत आहे.

दोनेक वर्षांनी आम्ही कंटेनर वापरायला लागलो, म्हणजे एकाच सर्व्हरवर प्रत्येक बिल्डला आपली वेगळी खोली. वाटलं, सुटलो. पण जुन्या जावाची एक खोड होती. खोलीला ४ जीबी ठरवून दिलेली असली तरी मर्यादा सांगितली नाही तर ती सबंध सर्व्हर मोजायची आणि त्याचा चौथा हिस्सा आपला धरायची. ६४ चा चौथा हिस्सा १६, आणि खोली ४ ची! गच्चीवरच्या टाकीत वाकून बघायचं सोडून उजनी किती टक्के भरली त्यावर धुणं काढायचं, तसं. उजनीत ११७ टीएमसी मावतं म्हणून आपल्या नळाला पाणी येतं का? त्यातलं साठाहून जास्त तर मृतसाठ्यात जातं, आणि उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' अशा बातम्या वाचतच आपण मोठे झालो. जावाला आपली खोली ओळखता यायला २०१८ साल उजाडलं, दहावी आवृत्ती. जुन्या आठव्या आवृत्तीतही ती सुधारणा नंतर आणली. तोवर किती जणांनी किती रात्री १३७ बघितला असेल, मोजदाद नाही. यावेळी मात्र आमच्या टीममध्ये कोणाचं नाव घेतलं गेलं नाही. पहिल्या तासात कर्नलची वही उघडली गेली.

बरं, ती मुलगी. मागच्या वर्षी तिचा मेसेज आला. आता ती हैदराबादला आहे, तिच्या हाताखाली सहा जण आहेत. मेसेजमध्ये कसलं कसं-काय नाही. फक्त एका नोंदीचा फोटो, शेवटची ओळ अर्धवट तुटलेली, खाली १३७. आणि खाली तिनं लिहिलं होतं, "आमच्या नव्या मुलावर आलं होतं. मी आधी गुणाकार केला." मी उत्तरात विचारलं, किती आला? ती म्हणाली, "ताई, शहाण्णव. मशिन ६४ चंच आहे."

पंधरा मिनिटं दिली होती, मघाशीच संपली असणार, संयोजक घड्याळ दाखवतायत. तिकडे कडक भाकरीचा वास आलाय. मधल्या रांगेतून कोणीतरी विचारतंय, घरचा लॅपटॉप फार हळू चालतो, काय करू? किती टॅब उघडे ठेवतोस ते आधी मोज, बाकी जेवताना सांगते. आणि तिसऱ्या रांगेतल्या बाईसाहेब, तुम्ही माझ्या शेजारी बसा. तुमचा एक तास देणं आहे माझ्याकडे.